आमची विजेची फळी

सन २०२४ च्या डिसेंबरांत स्नेहसंमेलनाच्या वेळीं शाळेच्या व्हरांड्यांत हस्तव्यवसायाचें जें प्रदर्शन मांडलें होतें, त्यांत चित्रकलेच्या टेबलापलीकडे भिंतीला टेकून चार चाकांची एक लांबट फळी उभी केलेली आमच्या पुष्कळ वाचकांनीं पाहिली असेल. तिच्याशेजारीं आम्ही दोन दिवस उभे होतों, आणि त्या दोन दिवसांत आम्हांस मुख्यतः दोनच प्रश्न विचारण्यांत आले. विद्यार्थी विचारीत, "ही किती जोरांत पळते?" पालक विचारीत, "हिला खर्च किती आला?" पहिल्याचें उत्तर आम्ही मोठ्या उत्साहानें देत असूं, दुसऱ्याचें उत्तर आमच्या तीर्थरूपांकडे बोट दाखवून. तिसरा प्रश्न एका वृद्ध गृहस्थांनींच काय तो विचारला. त्यांनीं चष्मा सांवरला, वांकून मोटारीजवळचा लोखंडी सांधा निरखला आणि म्हणाले, "हा दुसऱ्यांदा केलेला दिसतो. पहिल्याचें काय झालें?" त्यांस आम्हीं कांहीं तरी थातुरमातुर उत्तर देऊन वाटेस लावलें. तें गृहस्थ हा अंक वाचतील कीं नाहीं, कोण जाणे. परंतु त्यांस द्यावयाचें राहिलेलें उत्तर येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ज्यांनीं ती फळी पाहिली नसेल त्यांच्यासाठीं प्रथम थोडें वर्णन केलें पाहिजे. स्केटबोर्ड ही वस्तु मूळची अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांताची. समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन खेळणाऱ्या तेथील तरुणांनीं, लाटा नसतील त्या दिवशीं काय करावें या विवंचनेंतून, १९५० च्या सुमारास फळीलाच चाकें लावून ती रस्त्यावर आणली. सन १९७५ मध्यें तेथेंच कोणी तिला पेट्रोलचें एंजिन जोडलें. पुढें लुई फिंकल यांनीं तारेवांचून चालणारी विजेची फळी रचून सन १९९९ मध्यें तिचें पेटंट मिळविलें. टोकियो येथें सन २०२१ मध्यें झालेल्या ऑलिंपिक सामन्यांत स्केटबोर्डचा खेळ प्रथमच समाविष्ट झाला. आपल्या देशांतही मध्य प्रदेशांतील पन्ना जिल्ह्यांत जनवार नांवाच्या खेड्यांत सन २०१५ मध्यें या खेळासाठीं सिमेंटचें आवार बांधण्यांत आलें व खेड्यांतलीं मुलें तेथें खेळूं लागलीं. तेव्हां कोल्हापुरांतील एका विद्यार्थ्यास हें वेड लागलें यांत विशेष नवल नाहीं. आमच्या बाबतींत विशेष इतकेंच कीं, आमचे आजोबा टर्नर. शिवाजी उद्यमनगरांत त्यांची एक लहानशी शेड आहे. तींत एक जुना लेथ, एक ड्रिल आणि एक डिव्हायडिंग हेड आहे. आतां ती शेड आमचे काका चालवितात, परंतु सकाळचा चहा आजोबा अद्याप तेथेंच घेतात. तयार फळी विकत मागण्याची आमची छाती नव्हती, आणि मागितली असती तर, "शेड कशाला आहे?" हें उत्तर ठरलेलें होतें.

त्या वर्षीं उन्हाळ्याची सुट्टी लागली त्याच आठवड्यांत आम्हीं आरंभ केला. बरोबर आमचा एक स्नेही होता. त्याचें नांव त्याच्या इच्छेवरून येथें घालीत नाहीं. तो आमच्या शाळेच्या फुटबॉल संघाचा गोलरक्षक. कोल्हापुरांत फुटबॉलचें काय माहात्म्य आहे, तालमींच्या संघांचा सामना असला म्हणजे शाहू स्टेडियमवर काय गर्दी लोटते, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. आमच्या हातांत फाईल आणि त्याच्या हातांत चेंडू, अशी आमची विभागणी लहानपणापासूनची. तरी त्या सुट्टींत तो रोज शेडमध्यें येऊन बसे आणि पॉलिशकागद घासण्याचें कंटाळवाणें काम न कुरकुरतां करी.

फळी आम्हीं चार मिलिमीटरच्या प्लायवुडचे तीन थर फेव्हिकॉलनें चिकटवून केली. ती मध्यें किंचित् उचललेली असावी लागते, म्हणजे उभ्या माणसाच्या वजनाखालीं ती स्प्रिंगसारखी खालींवर होते. त्यासाठीं खालीं लाकडी सांचा ठेवून दोन्ही टोकांवर वजन घालावें लागलें. आजीचा पाटा, तांदळाचीं दोन पोतीं आणि लेथचा एक मोडका चक, एवढा ऐवज चोवीस तास त्या फळीच्या उरावर होता. त्या दिवशीं घरांत चटणी वाटली गेली नाहीं, आणि आजीनें जें म्हटलें तें छापण्याजोगें नाहीं. वजन काढल्यावर फळी थोडी परत सरळ झाली. लांकडाचा तो स्वभावच आहे.

चाकें मात्र घरीं करण्याचा आमचा हट्ट फसला. नायलॉनचा जाड दांडा आणून आम्हीं लेथवर चार सुबक, पांढरीशुभ्र चाकें उतरविलीं. मोजमाप काट्यावर बरोबर. वर्निअर लावून आम्ही तें येणाऱ्याजाणाऱ्यास दाखवीत असूं. प्रत्यक्ष रस्त्यावर तीं चाकें अशीं खडखडूं लागलीं कीं, दांतांवर दांत आपटून बोलणें अशक्य झालें, आणि वळणावर तर तीं तेल लावल्याप्रमाणें घसरूं लागलीं. नायलॉन कठीण; तो खड्यावर बसत नाहीं, उडतो. अमेरिकेंतही आरंभीं हीच रड होती. तेथील पहिलीं चाकें लोखंडाचीं आणि नंतर मातीच्या मिश्रणाचीं असत, आणि एखादा खडा आला कीं फळी थांबे व स्वार पुढें जाई. १९७० नंतरच्या चार-पांच वर्षांत फ्रँक नॅसवर्दी यांनीं पॉलियुरेथेन नांवाच्या रबरासारख्या लवचीक पदार्थाचीं चाकें आणलीं आणि हा खेळ खऱ्या अर्थानें उभा राहिला. आम्हींही शेवटीं नव्वद मिलिमीटर व्यासाचीं तींच चाकें विकत आणलीं. चाकांचे आंस, ज्यांस या खेळांत 'ट्रक' म्हणतात, ते पुण्याच्या आतेभावाच्या जुन्या फळीवरून काढून घेतले. अंग ज्या बाजूस झुकवावें त्या बाजूस फळी वळते ही सारी करामत या ट्रकांतील तिरप्या खिळ्याची व रबरी गादीची आहे. ती घरीं साधणें आमच्या आवांक्याबाहेरचें होतें.

आतां पुलीची हकीकत. तिच्यावर आमचे नऊ दिवस गेले आणि, खरें बोलावयाचें तर, त्या साऱ्या सुट्टींतले तेच दिवस आम्हांस अधिक आठवतात. मोटारीवर पंधरा दांत्यांची लहान पुली, चाकावर पंचेचाळीस दांत्यांची मोठी पुली, आणि दोहोंवरून दांतेरी पट्टा, अशी योजना. म्हणजे मोटारीचे तीन फेरे झाले कीं चाकाचा एक फेरा होतो. गति तिसऱ्या हिश्श्यावर येते आणि जोर तिप्पट होतो. ॲल्युमिनियमच्या चकतीच्या कडेला पंचेचाळीस दांते सारख्या अंतरावर कसे पाडावेत? आजोबांनीं युक्ति सांगितली: चकती आधीं मोठीच ठेवावयाची, तिच्या कडेच्या आंत तीन मिलिमीटरचीं पंचेचाळीस भोंकें पाडावयाचीं, आणि मग लेथवर कड उतरवीत भोंकांच्या मध्यापर्यंत यावयाचें. अर्धीं भोंकें उघडीं पडतात, त्याच खांचा. पट्ट्याचे दांते गोल असल्यामुळें त्यांत ते बरोबर बसतात.

डिव्हायडिंग हेडचा दांडा चाळीस वेळां फिरविला म्हणजे चकती एकदां फिरते. पंचेचाळीस भाग पाहिजेत, तर प्रत्येक भागास दांड्याचा चाळीस-पंचेचाळिसांश, म्हणजे आठ-नवमांश फेरा. अठरा भोंकांचें वर्तुळ घेतलें कीं प्रत्येक वेळीं खिळी सोळा भोंकें पुढें न्यावयाची. अपूर्णांकांचा हा उपयोग पाहून आम्हांस गणिताच्या तासाबद्दल प्रथमच आदर वाटला. आम्ही भोंकें पाडीत गेलों. स्नेही मोजी, आम्ही ड्रिल ओढूं. आजोबा बाजूस चहा घेत बसले होते आणि कांहींच बोलत नव्हते. पंचेचाळिसावें भोंक पडलें आणि पाहतों तों पहिल्या व शेवटच्या भोंकांत आणखी तीन भोंकांची जागा शिल्लक! हिशेब चुकावा कोठें? आम्हीं कागदावर तो तीनदां पडताळला. तेव्हां आजोबांनीं कप खालीं ठेविला आणि विचारलें, "पहिलें भोंक कोणतें मोजलंस?" खिळी ज्या भोंकांत होती तेंच आम्हीं 'एक' म्हणून मोजलें होतें. "सोळा भोंकं मोजायची न्हाईत, लेका. सोळा पावलं टाकायची. उभा हाईस ते काय पाऊल न्हवं." सोळांऐवजीं पंधराच पावलें पडलीं होतीं, म्हणून आठ अंशांऐवजीं साडेसात अंशांवर भोंकें आलीं. आम्हीं त्यांस विचारलें कीं, चूक पहिल्याच भोंकापासून दिसत होती तर थांबविलें कां नाहीं? ते म्हणाले, "चकती स्वस्त हाय." ती फुकट गेलेली चकती आमच्या टेबलावर अद्याप आहे. तिच्यांत पेन्सिली छान उभ्या राहतात.

मोटार व तिचा कंट्रोलर घरीं होण्यासारखे नव्हतेच. ही मोटार ब्रशरहित असते. बाहेरचें कवच फिरतें व त्यांत नियोडिमियमचे लोहचुंबक बसविलेले असतात. इतके प्रबळ चुंबक १९८० च्या दशकांत निघाले म्हणूनच मुठींत मावणारी मोटार आज माणसास ओढूं शकते. कंट्रोलर ज्या आराखड्याचा आहे, तो स्वीडनमधील बेंजामिन वेडर या अभियंत्यानें रचून सन २०१५ च्या सुमारास सर्वांसाठीं खुला केला. एक मनुष्य आपला आराखडा जगास देऊन टाकतो आणि त्यावरून कोल्हापुरांत दोन पोरें फळी पळवितात, ही गोष्ट आमच्या आजोबांस अद्याप पटलेली नाहीं.

वेगाचा हिशेब मात्र आम्हीं स्वतः केला, आणि तो देण्याचा मोह आवरत नाहीं. मोटार एका व्होल्टास मिनिटाला १९० फेरे घेते. बॅटरींत सात सेल एकापुढें एक जोडले, प्रत्येकीं ३.६ व्होल्ट, एकूण २५.२. गुणाकार केला म्हणजे मिनिटाला ४,७८८ फेरे येतात. पुलीमुळें तीननें भागिले, १,५९६. चाकाचा परीघ सुमारें २८.३ सेंटिमीटर. तेव्हां मिनिटाला ४५१ मीटर, म्हणजे तासाला सुमारें २७ किलोमीटर. हा झाला कागदावरचा वेग. माणूस उभा राहिला म्हणजे तो याहून कमीच भरतो. चाकें थांबविण्याचें कामही तीच मोटार करते. रिमोटची कळ उलट दाबली कीं ती डायनमो बनते, चाकास मागें ओढते आणि थोडी वीज बॅटरींत परत घालते. या ब्रेकचें वाचकांनीं स्मरण ठेवावें. पुढें त्याचें काम आहे.

बॅटरीविषयीं पालकांसाठीं चार ओळी. लिथियमची ही बॅटरी सन १९९१ पासून बाजारांत आहे, आणि तिच्या शोधाबद्दल तिघां शास्त्रज्ञांस सन २०१९ चें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु ती खेळणें नव्हे. आम्हीं आरंभीं जुन्या लॅपटॉपचे सेल काढून वापरूं पाहिले. त्यांतील एक हातांतच असा तापला कीं तो फेंकून द्यावा लागला. वडिलांनीं तो चिमट्यानें उचलून गच्चीवरील वाळूच्या बादलींत पुरला आणि दुसऱ्या दिवशीं स्वतः बाजारांत जाऊन एकाच जातीचे एकवीस नवे सेल आणले. ते सात-सातांच्या तीन ओळींत जोडले आहेत. पट्ट्या रिक्षाच्या बॅटऱ्या बांधणाऱ्या कारागिराकडून यंत्रानें चिकटवून घेतल्या, डाग दिला नाहीं. कारण डागाच्या उष्णतेनें सेल बिघडतो. प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारी पट्टीही बसविली. हें सर्व आईच्या पोळ्यांच्या प्लास्टिकच्या डब्यांत आहे. डबा न विचारतां घेतला होता.

येथवर सर्व ठीक. आतां तो सांधा.

मोटार ट्रकला धरून ठेवण्यासाठीं एक लोखंडी ब्रॅकेट लागतें. ट्रकच्या दांड्यावर आवळून बसणारें एक कडें, आणि त्या कड्याला जोडलेली सहा मिलिमीटर जाडीची पाटी, पाटीवर मोटार. कडें आणि पाटी आम्हीं केलीं. तीं एकमेकांस जोडण्याचें वेल्डिंग शेजारच्या शेडमधील वेल्डरकाकांकडे दिलें. जूनचा आरंभ होता. आभाळ रोज दुपारीं भरून येत होतें. कोल्हापुरांत एकदां पाऊस लागला म्हणजे विजेची फळी दोन-तीन महिने माळ्यावर, हें आम्हांस दिसत होतें. शनिवारीं सायंकाळीं काकांनीं दोन तुकडे काटकोनांत धरून तीन टांके मारले, आणि भोंगा झाला म्हणून मुखवटा काढून ठेविला. "हे नुसते धरून ठेवायला आहेत," ते म्हणाले. "सोमवारी आण, सगळं भरून देतो." आम्हीं मान डोलविली. नंतर तें ब्रॅकेट, नुसतें बसतें कीं नाहीं पाहूं, असें म्हणून घरीं आणलें, मोटार चढविली, पट्टा ताणला, आणि सारें इतकें सुंदर बसलें कीं, रात्रीं जेवणानंतर त्यावर काळ्या रंगाचा हात मारला. सकाळीं तो रंग वाळून चकचकीत झाला होता. टांके तीन होते कीं तीस, हें आतां कोणासही दिसण्याजोगें राहिलें नव्हतें.

रविवारीं वसाहतींतल्या नव्या सिमेंटच्या रस्त्यावर आम्हीं पहिले चार फेरे घेतले. सावकाश घेतले, आणि ब्रेक न लावतां फळी आपोआप थांबूं दिली. सांधा टिकला. मग स्नेही आला. त्यानें डोक्यावर टोप घातला, कारण वडिलांची ती अट होती, आणि विचारलें, "झालं सगळं? चढू?"

आम्हीं "हो" म्हटलें.

मासिकांतून लेखकानें स्वतःस 'आम्ही' म्हणावें असा शिरस्ता आहे, आणि तो आम्हीं पाळीत आलों आहों. परंतु त्यांत एक सोय आहे ती येथें घेतां येत नाहीं. 'आम्हीं हो म्हटलें' असें लिहिलें कीं, जणूं चौघां-पांचांनीं विचार करून उत्तर दिलें, असा भास होतो. तेथें दुसरें कोणी नव्हतें. ज्याला टांक्यांची गोष्ट माहीत होती असा एकच इसम त्या रस्त्यावर उभा होता, आणि 'हो' त्याचें होतें.

तो आमच्याहून किती तरी चांगला खेळाडू. दोन मिनिटांत त्याचा तोल बसला. रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन तो पूर्ण वेगानें परत येत असतां एक वृद्ध बाई दुधाची किटली घेऊन फाटकाबाहेर आल्या. त्यानें जें करावयास पाहिजे होतें तेंच केलें: गुडघे वांकविले आणि ब्रेक दाबला. मोटार चाकास पुढें ढकलते तेव्हां ब्रॅकेटवर एका दिशेनें पीळ पडतो. ब्रेक लावतांच तोच पीळ उलटतो. एका बाजूनें ओढ सहन केलेले ते तीन टांके दुसऱ्या बाजूनें एकदम उकलले. मोटार खालीं लोंबली, पट्टा चाकांत गुंतला, चाक जागच्या जागीं थांबलें. बाई सुखरूप राहिल्या. गोलरक्षकाच्या संवयीनें त्यानें दोन्ही हात पुढें टाकले, आणि डावें मनगट मोडलें.

दवाखान्यांत प्लॅस्टर घालीत असतां त्याच्या आईनें विचारलें, तेव्हां तो म्हणाला, "मीच ब्रेक जास्त दाबला." आम्ही त्याच खोलींत खिडकीपाशीं उभे होतों. काकूंनीं आमच्याकडे पाहून म्हटलें, "तुला तरी लागलं नाही ना, बाळा?" आम्हीं नाहीं म्हणून सांगितलें. घरीं येऊन फळी पोत्यांत गुंडाळली आणि माळ्यावर टाकली. सोमवारीं वेल्डरकाकांनीं ब्रॅकेटची चौकशी केली. पाऊस जवळ आला, आतां दिवाळींत पाहूं, असें त्यांस सांगितलें. तिसऱ्या दिवशीं पाऊस लागला.

प्लॅस्टर सहा आठवड्यांचें होतें. जुलैच्या दुसऱ्या आठवड्यांत आंतरशालेय सामने. गोलांत नववींतला एक लहानखुरा मुलगा उभा केला होता. मैदानावर घोट्याइतका चिखल. आमचा स्नेही प्लॅस्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधून गोलाच्या पाठीमागें छत्री घेऊन उभा राहिला आणि त्या मुलास सारखा सांगत होता, पुढें ये, मागें सर, डावीकडे पाहा. पहिला गोल कोणासही अडवितां आला नसता. दुसरा त्या मुलाच्या ओल्या हातांतून निसटला. आम्ही हरलों. त्या नववींतल्या मुलाचें रडणें आम्हांस अद्याप ऐकूं येतें; त्यालाही वाटत होतें कीं चूक आपली.

परत येतांना स्नेही म्हणाला, "त्या दिवशी ब्रेक हळू दाबायला पाहिजे होता मी."

पांच आठवडे आम्हीं हें वाक्य निरनिराळ्या शब्दांत ऐकलें होतें. त्या दिवशीं मात्र तें ऐकवलें नाहीं. "ब्रेक बरोबर होता," आम्हीं म्हटलें. "सांधा कच्चा होता. नुसते टांके होते."

"तुला माहीत होतं?"

"हो."

"किती टांके?"

"तीन."

त्यानें पुढें कांहीं विचारलें नाहीं. त्याचें घर आमच्याच वाटेवर आहे; तरी पुढल्या थांब्यावर तो बसमध्यें चढला. मग बारा दिवस त्यानें आमच्याशीं भाषण केलें नाहीं, आणि त्याबद्दल त्याला नांव ठेवण्यास आमच्याजवळ कांहीं नव्हतें.

त्याच रात्रीं घरींही सर्व सांगितलें. काकूंकडे वडील स्वतः आम्हांस घेऊन गेले. तेथें काय बोलणें झालें तें आमच्यापुरतें राहूं द्यावें. वडिलांनीं बॅटरी व मोटार कपाटांत घालून किल्ली स्वतःकडे ठेविली. आजोबा रागावले नाहींत. त्यांनीं तें मोडकें ब्रॅकेट आणावयास सांगितलें, चिमट्यांत धरलें, आणि कानस घेऊन वरचा काळा रंग काढला. खालीं तीन ठिकाणीं ज्वारीच्या दाण्याएवढे चकचकीत ठिपके होते, जेथें लोखंड खरोखर लोखंडास मिळालें होतें. बाकी सारी कड जशीच्या तशी, करवतीच्या रेघांसकट. "एवढ्यावर पोराला चढवलंस," ते म्हणाले, आणि तो तुकडा आमच्या हातांत देऊन घरीं गेले. रागावले असते तर बरें झालें असतें.

प्लॅस्टर निघाल्यानंतर एका दुपारीं स्नेही शेडच्या उंबऱ्यावर येऊन बसला. त्याचा हात बारीक व फिकट झाला होता. मूठ पुरती मिटत नव्हती. त्यानें म्हटलें, "दाखव." आम्हीं ते दोन तुकडे त्याच्यापुढें ठेविले. त्यानें ते बराच वेळ उलटेसुलटे केले, ठिपक्यांवरून अंगठा फिरविला, आणि म्हणाला, "पुन्हा करायचं असेल तर एक अट. रंग लावायचा नाही."

नवें ब्रॅकेट दिवाळीच्या सुट्टींत झालें. पाटी आठ मिलिमीटरची घेतली, कड्याच्या व पाटीच्या कोनांत त्रिकोणी आधार बसविला, आणि दोन्ही अंगांनीं वेल्डिंग पूर्ण भरून घेतलें. त्या वेळीं स्नेही वेल्डरकाकांशेजारीं दुसरी कांच धरून बसला होता. मग ब्रॅकेट बांकावरच्या व्हाइसमध्यें आवळून मोटारीच्या जागीं वीस किलोचीं दोन वजनें एक रात्र टांगलीं. दुसऱ्या रात्रीं तें उलटें धरून पुन्हा टांगलीं, कारण उलट ओढ काय करते हें आतां ठाऊक होतें. वडिलांनीं वजनें स्वतः उतरविलीं आणि मग कपाटाची किल्ली दिली. मनगटांसाठीं टणक पट्टे आले. पहिला फेरा, ब्रेक लावून, दहा वेळां ब्रेक लावून, आम्हीं घेतला. स्नेह्यानें तो रस्त्याच्या कडेला बसून पाहिला.

हा लेख संपादकांकडे देण्यापूर्वी त्याला वाचावयास दिला. त्यानें स्वतःविषयींचीं दोन विशेषणें खोडलीं आणि नववींतल्या मुलाविषयींचें वाक्य राहूं दे म्हणून सांगितलें. तो मुलगा यंदा दुसरा गोलरक्षक आहे.

त्या ब्रॅकेटवर रंग नाहीं. पावसाळी हवेंत तें गंजूं नये म्हणून दर आठवड्यास तेलाचा बोळा फिरवावा लागतो, आणि वेल्डिंगची ओबडधोबड वळी स्पष्ट दिसते. प्रदर्शनांतल्या त्या वृद्ध गृहस्थांस ती दिसली ती यामुळेंच. स्नेही आतां पुष्कळदां सायंकाळीं येतो. टोप घालतो, मनगटांस पट्टे बांधतो, फळी उलटी करून त्या वळीवरून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नखानें रेघ ओढतो. त्याचें तें होईपर्यंत आम्ही बाजूस उभे राहतों. मग तो फळी सरळ करून तिच्यावर पाय ठेवतो.